दोघांसाठी तुरटी

बालाघाट
९ सप्टेंबर २०२४

चि. भोजराज यास आत्याचे अ. आ.

रचना अजून हट्ट्यालाच आहे. तुझ्या आईकडून, चंपावहिनीकडून, ही बातमी अर्धीमुर्धी आली होती, काल प्रेमलालने ती पक्की केली. तो लालबऱ्याच्या बसवर कंडक्टर असला तरी त्याची सासुरवाडी हट्ट्याची. परवा त्याने तुझ्या बायकोला शाळेसमोरच्या बोअरवर पाणी भरताना स्वतः पाहिलं. बारीक झाली आहे म्हणाला.

एप्रिलात लग्न झालं. आखाडासाठी माहेरी गेलेली मुलगी नागपंचमीपर्यंत परत यायची. नागपंचमी झाली, राखी झाली, पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा नारबोदही उरकले. नवी सून आपणहून परत येत नाही, सासरच्या माणसाने आणायला जायचं असतं, हे मी तुला सांगायला नको. सुखरामदादा, तुझा बाप, जायला तयार आहे. वहिनी म्हणते, गाडी सांगायची गोष्ट काढली की भोजराज म्हणतो, राहू दे ना आणखी आठ दिवस. किती आठवडे झाले, मोज. आता लोक वहिनीला विचारायला लागले आहेत, आणि वहिनी मला.

हे लग्न मी जमवलं. रचना माझी विद्यार्थिनी. शाळा हिंदी असली तरी सुटल्यावर मी तिला मराठी लिहायला शिकवलं. तुला तर मी पाळण्यातून उचललेलं आहे. तुमच्यात काय बिनसलं हे मला कळायला हवं.

फोन करू नकोस, मला आता ऐकू येत नाही. गेल्या वेळी वहिनीने ओरडून ओरडून गुडघेदुखीची हकीगत सांगितली, ती आमच्या सगळ्या गल्लीला कळली, मला नाही. लिही आणि प्रेमलालच्या हाती दे.

माझे कान गेले, माया शाबूत आहे. तुझीही तशीच असू दे.

तुझी
अनुसयाआत्या



लालबर्रा
१३ सप्टेंबर

ती. आत्याले भोजराजचा सा. न.

तुझं पत्र भेटलं. मराठी लिहायची सवय मोडली, मिलमधी सगळा कारभार हिंदीतच चालते, तर चुका पोटात घाल.

मी तिले आणाले काहून जाऊन नाई राह्यलो, हे घरी कोणालेच सांगितलं नाई. तुले सांगतो, पण वाचलं का चुलीत टाकजो.

माह्या आंगाले वास येते. घामाचा त येतेच, पण मिलचा त्याहून वाईट. उसन्या, म्हंजे उकड्या तांदळाचं काम तुले माहीत हाये. धान दोन-दोन दिवस हौदात भिजते, त्याचं पाणी आंबते, मंग त्याले वाफ देतात. माही ड्युटी हौदावरच. तो आंबूस वास काखेत जाऊन बसते. आंघोळ केली तरी निघत नाई. लग्नाआधी हे ध्यानातच नाई आलं, घरात कोणी म्हटलंच नाई.

लग्न होऊन महिना झाला असंन, तवा पायलं. मी आंगणात सायकल लावली का ती दारात यायची, आन् मले पायल्याबरोबर तोंड खांद्याकडं फिरवून पदर नाकाले लावायची. एक दिवस नाई, रोज. मंग पाणी द्यायची, पण हात लांब करून. तोंडानं एक शब्द बोलली नाई. बोलली असती तर बरं झालं असतं. मी आपली खाट उचलून ओसरीत टाकली. मायले म्हटलं, आत गरमी होते. मनात हे होतं का रात्री तरी तिले सुखानं श्वास घेता यावा. आखाडाले चार दिवस बाकी असतानाच ती माहेरी निघाली. जीपमधी बसली त मागं वळूनसुदिक नाई पायलं.

आता कोणत्या तोंडानं आणाले जाऊ? सुटून गेलेल्या माणसाले पुन्हा दाव्याले बांधून आणल्यासारखं होईन.

दुकानातून सेंटचा फवारा आणला होता. तो मारून ड्युटीवर गेलो, त हौदावरचे म्हणाले, आज भिजल्या धानात कोणाचं लगीन लागलं बावा? फेकून देला. तुह्याजवळ घरगुती काही असंन त सांग. आन् तुले माही शपथ, रचनाले हे कळू देऊ नको.

लहानपणी केली तशीच माया कर.

तुहा
भोजराज



हट्टा
१४ सप्टेंबर

ती. बाईंना रचनाचा शि. सा. न.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. मराठीत मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे धाकट्या भावाने, अंकितने, चोरून वाचलं तरी त्याला निम्मंच कळेल. मोबाईल तर दिवसभर त्याच्याच हातात असतो. आईला सांगितलं तर ती रडेल, म्हणून तुम्हाला लिहिते. यांना आणि सासूबाईंना कळवणार नाही एवढा शब्द द्या.

बाई, माझ्या काखेत वास येतो. लग्नाआधी येत नव्हता. सासरी गेल्यावर महिन्याभरात मला स्वतःलाच कळला. सकाळी आंघोळ करून धुतलेला ब्लाउज घातला की चुलीपुढे अर्धा तास बसेपर्यंत वास सुरू. दुपारी पुन्हा आंघोळ केली, ब्लाउज बदलला, तरी तेच. मी सासूबाईंपासून लांब बसायला लागले. पाणी द्यायचं तर हात लांब करून. त्यांना वाटलं असेल, सून मोठी शिष्ट आहे.

यांनी मला काहीच म्हटलं नाही. एक दिवस खाट ओसरीत नेली. सासूबाईंना म्हणाले, आत गरम होतं. त्या दिवशी गार वारा सुटला होता, बाई. मी अंगावर गोधडी घेतली होती. रात्रभर ओसरीत खाट करकरत होती आणि मी आत जागी होते.

म्हणून आखाडाच्या आधीच निघून आले. ठरवलं होतं, महिन्याभरात हे बरं करायचं आणि मग जायचं. तेव्हा देवाला म्हणायची, इतक्यात कोणी आणायला येऊ नये. देवाने जरा जास्तच ऐकलं.

तिथे संध्याकाळी ते यायचे, हातपाय धुवायचे आणि चुलीजवळ पाटावर बसून मिलमधल्या दिवसभराच्या गमती सांगायचे. नुसत्या सांगायचे नाहीत, मुनीमजी कसे खाकरतात, ड्रायव्हर कसा भांडतो, सगळ्यांचे आवाज काढायचे. मी भाकरी करपवायची आणि सासूबाई ओरडायच्या. इथे संध्याकाळी सगळे जण मोबाईल पाहतात. आईच्या घरी एकही भाकरी करपत नाही.

काही औषध असेल तर कळवा. दवाखान्यात जायची लाज वाटते.

शाळेत होता तेवढा तुमचा लोभ अजून मिळतो का, ते पाहते आहे.

तुमची
रचना



बालाघाट
१७ सप्टेंबर

सौ. रचनास अ. उ. आ.

शब्द दिला. तुझं पत्र पेटीत कुलपाखाली आहे.

हे होणारी तू जगात पहिली नाहीस. घामाला फारसा वास नसतो. तो कातडीवर आणि कपड्यात साचून राहिला की नासतो. दुधासारखंच आहे ते. तेव्हा आधी रडणं बंद.

सोबत तुरटीचा तुकडा पाठवते आहे. सकाळी आंघोळ झाली की तो ओला करून काखेत हलकेच फिरव, पाणी आपोआप वाळू दे, मग ब्लाउज घाल. रात्री कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने काखा धू. दिवसाआड अर्धं लिंबू चोळून दहा मिनिटांनी धुवायचं, माझी आई हेच करायची. खायचा सोडा लावायला कोणी सांगेल, लावू नकोस, कातडी सोलवटते. कोणी मेथीदाण्याचं पाणी प्यायला सांगेल. त्याने काखेला काही होतं असं मी पाहिलेलं नाही, पण पोटाला वाईट नाही.

आता मी विचारते त्याची उत्तरं दे, आणि लाजू नकोस. मी तुझं नाक पुसलेलं आहे. लग्नाआधी तू काय घालायचीस? सासरी ब्लाउज कोणत्या कापडाचे आहेत? ते कुठे वाळत घालतेस? ताजा धुतलेला ब्लाउज अर्ध्या तासात वास मारतो, हे मला पटत नाही.

आणखी एक. खाट ओसरीत गेली, एवढंच तू पाहिलंस. का गेली ते त्याला विचारलंस का?

भाकरी करपवणारी मुलगी मला आवडते. माझा लोभ वाढला आहे असं समज.

तुझ्या
बाई



बालाघाट
१७ सप्टेंबर

चि. भोजराज यास अ. आ.

पत्र चुलीत टाकलं नाही, माझ्याकडे गॅस आहे. पेटीत ठेवलं आहे.

प्रेमलालच्या हाती तुरटी पाठवते आहे. पंसाऱ्याकडून एकच मोठा खडा आणला होता, तो बत्त्याने फोडला. अर्धा तुझा. बाकीचा अर्धा कुठे गेला ते विचारू नकोस. मिलमधून निघतानाच आंघोळ कर, घरी येऊन नाही. अंग कोरडं झालं की ओली तुरटी काखेत फिरव आणि वेगळा धुतलेला सदरा घालून सायकलवर बस. मिलचे कपडे पिशवीत बांधून आण. ते गरम पाण्यात थोडा सिरका (व्हिनेगर) घालून भिजव आणि उलटे करून कडक उन्हात वाळव. टेरिकॉट सोडून सुती बनियन घाल. औषध एवढंच, बाकी सगळं माणसाच्या हातात.

तिने पदर नाकाला लावला, हे तू पाहिलंस. का लावला, हे विचारलंस का? नसशील. तुमच्या घरात विचारायची पद्धत नाही, मी तिथेच वाढले आहे.

उत्तर लवकर दे. म्हातारीला आणखी किती वाट पाहायला लावणार?

तुझी
आत्या



हट्टा
२१ सप्टेंबर

ती. बाईंना शि. सा. न.

तुमच्या लिंबाने माझा जीव घेतला. सकाळी काखेतले केस काढले होते आणि संध्याकाळी लिंबू चोळलं. इतकी आग झाली की मी परसात नाचत होते आणि अंकित मोबाईलवर माझा व्हिडिओ काढत होता. त्याला वाटलं, मला विंचू चावला. आता तिथली कातडी काळी पडून सोलवटते आहे. लिंबू बंद केलं. तुरटी चांगली आहे, कडुलिंबही, पण ब्लाउज घातला की वास आहेच.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. लग्नाआधी मी सुती पंजाबी ड्रेस घालायची. सासरी नेलेले सगळे ब्लाउज लग्नातले, चमकणारे, आतून अस्तर आणि छातीला कप शिवलेले. वाळायची दोरी सासरी अंगणात आहे, पण समोर ओसरीत मामंजी आणि दोघे दीर बसलेले असतात. तिथे ब्लाउज कसे टांगणार? मागच्या बोळात, गोठ्याच्या भिंतीला एक दोरी आहे. तिथे ब्लाउज पसरून त्यावर सासूबाईंचं जुनं लुगडं घालायची, म्हणजे कोणाला दिसणार नाही. दोन दोन दिवस ओलेच राहायचे. दमटच अंगात घालायची. इथेही आईच्या साडीखालीच वाळतात. सगळ्या बायका असंच करतात ना, बाई?

तुम्ही विचारलंत, त्यांना विचारलंस का. कसं विचारणार? मला तर त्यांच्यासमोर उभं राहायची भीती वाटायची. सायकलची घंटी ऐकली की धावत दारात जायची, आणि ते दिसले की वाटायचं, आपल्याला आता वास येत असेल तर? मग पदराआड तोंड खांद्याकडे वळवून स्वतःचीच बाही हुंगून बघायची. रोज. वास असायचाच. मग पाणी लांबून द्यायचं.

पितरपाट, म्हणजे पितृपंधरवडा, लागला आहे. आता या दिवसांत तर कोणी आणायला येणारच नाही. इथल्या भातगिरणीचा सहाचा भोंगा झाला की मी आजही उठून पाण्याचा तांब्या भरते. आई विचारते, कोण आलं गं? मी म्हणते, मलाच तहान लागली. दोन घोट प्यावं लागतं.

रागावू नका आणि लिहीत राहा.

तुमची
रचना



बालाघाट
२४ सप्टेंबर

सौ. रचनास अ. उ. आ.

लिंबाची चूक माझी. केस काढलेल्या दिवशी लिंबू लावू नये, हे लिहायला विसरले. खोबरेल लाव. आठ दिवसांत बरं वाटलं नाही तर लाज गुंडाळून दवाखान्यात जा.

दुसरी चूक त्याहून मोठी आहे आणि तीही माझीच. ब्लाउज साडीखाली वाळवायचे हे तुला कोणी शिकवलं? आईने, आणि शाळेत मीही. सहावीपासून तुम्हा मुलींना सांगायची, आतले कपडे ओढणीखाली वाळवत जा, उघड्यावर दिसू नयेत. पस्तीस वर्षं सांगितलं. माझी आई सांगायची म्हणून मी सांगितलं, कधी विचार केला नाही. अस्तराचं जाड कापड, वर लुगडं, बाजूला गोठा, ऊन नाही. ते कापड कधी वाळलंच नाही, आतल्या आत नासत राहिलं. तू शंभर वेळा आंघोळ केलीस आणि शंभर वेळा तोच वास पुन्हा अंगात चढवलास. वास तुझा नाही, बाळा, त्या ब्लाउजचा आहे.

सगळे ब्लाउज सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात सिरका घालून तासभर बुडव. कप उसवून फेकून दे. मग उलटे करून गच्चीवर टांग, उघडे, भर उन्हात. कोणी पाहिलं तर पाहू दे. दोन साधे सुती ब्लाउज शिवून घे.

आता मला दिलेल्या शब्दातून मोकळी कर. तू दारात तोंड का फिरवायचीस, एवढंच मला भोजराजला लिहू दे. याहून जास्त आज सांगता येत नाही.

तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे.

तुझ्या
बाई



लालबर्रा
२५ सप्टेंबर

ती. आत्याले सा. न.

तुरटीनं फरक पडला. मिलमधीच नळाखाली आंघोळ करून निघतो. काल माय म्हणाली, काहून रे, आजकाल नवरदेवासारखा चकचकीत दिसून राह्यला? मंग तिच्याच ध्यानात आलं आन् ती गोठ्याकडं निघाली.

आत्या, गोष्ट वाढून राह्यली. मामा आन् पाटलाच्या काकानं ठरवलं हाये का दसऱ्यापर्यंत सून नाई आली तर समाजाची चार माणसं हट्ट्याले जातीन आन् तिच्या बापाले विचारतीन, पोरगी नांदवायची हाये का सोडचिठ्ठी करायची. बाबुजी हौ म्हणाले. चार माणसात तिले उभं करून विचारतीन त ती का सांगंन? नवऱ्याच्या आंगाले वास येते म्हणून? ती तसं सांगणारी नाई. सगळं आपल्याच आंगावर घेईन. त्यापेक्षा मीच सांगून टाकतो का मले नांदवायचं नाई. ती मोकळी होईन.

लिहून त टाकलं, आन् पेन ठेवून सैपाकघरात जाऊन आलो.

सैपाकघरात तिनं डब्यांवर मराठीत नावं लिहून चिठ्ठ्या लावल्या हायेत. साखर, चहापत्ती, हळद. एकावर 'तिखट (जपून)' असं लिहिलं हाये. तिनं माह्या भाजीत एकडाव जास्त टाकलं होतं, त्यावरून. मायले वाचता येत नाई, भाऊ हिंदीवाले, ते पायत नाई. सकाळचा चहा आता मीच करतो. साखर कुठं हाये ते माहीत असलं तरी सगळ्या डब्यांवरचं वाचतो, मंग घेतो.

तू मोठी हायेस, तुले काही सुचत असंन त सांग.

तुहा
भोजराज



हट्टा
२७ सप्टेंबर

ती. बाईंना शि. सा. न.

वास गेला. खरंच गेला. दोन दिवस झाले. ब्लाउज गच्चीवर उघडे वाळत घातले तेव्हा आई खाली हात जोडून उभी होती, जसं काही मीच गच्चीवरून उडी मारणार आहे. अंकितला म्हटलं, नीट हुंगून सांग. आधी त्याने पन्नास रुपये मागितले, मग हुंगला आणि म्हणाला, उन्हाचा वास येतो. पन्नास रुपये दिले.

दिवसभर आनंदात होते. संध्याकाळी वाटलं, आता बरी झाले, पण कोणासाठी? ओसरीत खाट नेणाऱ्याला तर ठाऊकच नाही.

तरीही, बाई, मी तुम्हाला मोकळी करत नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून ते आले तर आपणहून आले असते का, हे मला जन्मात कळणार नाही. मला ते आपणहून यायला हवेत. एवढा हट्ट करू द्या.

चार माणसं येणार असल्याचं बाबांच्या कानावर आलं आहे. ते जेवत नाहीत.

माया पातळ करू नका.

तुमची
रचना



बालाघाट
२९ सप्टेंबर

चि. भोजराज यास अ. आ.

मी रचनाला शब्द दिला होता, तो आता मोडते आहे. तिने मोकळी करायला साफ नकार दिला, तरी मोडते. तुझी शपथ होती, ती मात्र मी पाळली, तिला तुझं काहीही कळलेलं नाही. तुमच्या दोघांची पत्रं माझ्या पेटीत एकावर एक पडली आहेत आणि मी दोन आठवडे दोन्हीकडे तुरटी वाटत बसले. कानांबरोबर अक्कलही गेली की काय, असं वाटायला लागलं.

नीट वाच. रचनाला वाटत होतं, वास तिला येतो. लग्नातल्या जाड ब्लाउजांना खरंच येत होता, कारण तुमच्या घरात सुनेचे ब्लाउज उन्हात टांगायला जागा नाही. गोठ्यामागच्या बोळात लुगड्याखाली ते कुजायचे. तू आलास की ती दारात यायची आणि तुझ्यासमोर उभं राहण्याआधी पदराआड तोंड वळवून स्वतःची बाही हुंगायची. तुझ्यापासून तोंड फिरवत नव्हती, स्वतःला तपासत होती. मग तू खाट ओसरीत नेलीस. तिला काय वाटलं असेल, ते आता तूच ओळख. मागे वळून न पाहता ती जीपमध्ये बसली, कारण ती रडत होती. हे तिने लिहिलेलं नाही. मी तिला सहा वर्षांची असल्यापासून ओळखते, म्हणून सांगते.

माणसाला स्वतःचा वास नीट कळत नाही. कधी कळतच नाही, कधी नको तितका येतो. तो दुसऱ्यालाच विचारावा लागतो.

माझे यजमान, तुझे फुफाजी, मलाजखंडला खाणीत होते. घरी आले की मी त्यांना उंबऱ्याबाहेरूनच न्हाणीत पाठवायची, धुळीचा आणि घामाचा वास घरात नको म्हणून. अठ्ठावीस वर्षं. दारात त्यांच्या तोंडावर काही सांगायचं असायचं, मला दिसायचं. मी म्हणायची, आधी आंघोळ. बाहेर आले की विचारायची, काय म्हणत होता? म्हणायचे, काही नाही. पाण्याबरोबर काय काय वाहून गेलं, ते आता कोणाला विचारू?

चार माणसं जाण्याआधी तू जा. एकटा. सर्वपित्री झाली की निघ. मी सांगितलं म्हणून जाऊ नकोस. जायचं मनात असेल तरच जा, कारण तिला तेवढंच हवं आहे.

वहिनीशी मी स्वतः बोलेन. ओरडून बोलेन.

तुझी
आत्या



लालबर्रा
२ ऑक्टोबर

ती. आत्याले सा. न.

पत्र मिलमधी उभ्यानं वाचलं. मंग हौदाच्या कठड्यावर बसून पुन्हा वाचलं. मुनीमजी म्हणाले, कोई गुजर गया क्या? मी म्हटलं, नाई जी, उलटं.

तू सांगितलं म्हणून जाऊन नाई राह्यलो. पोळ्यानंतर एकडाव मी हट्ट्याले जाऊ म्हणून बसमधी बसलो होतो. बालाघाटले उतरलो आन् माघारी आलो. तुह्या घरीसुदिक नाई आलो. हे कोणालेच माहीत नाई, तिलेबी सांगजो नको, मी सांगीन.

शनिवारी सकाळपाळी हाये. दोन वाजता सुटतो. मामाले सांगून टाकलं, चार माणसाची गरज नाई. माय म्हणाली, जावई एकटाच बायकोले आणाले जाते का, लोक हासतीन. बाबुजीनं मात्र मले जुना जीआयचा तार काढून देला. तो मी आज छतावर बांधला, पूर्वेच्या बाजूनं, तिथं दिवसभर ऊन राहते. मायनं विचारलं, इतका मोठा तार कशाले? म्हटलं, सगळ्यायचे कपडे मावतीन. तुहे बी.

तू हायेस म्हणून आमी हावो.

तुहा
भोजराज



हट्टा
४ ऑक्टोबर

ती. बाईंना शि. सा. न.

तुम्ही शब्द मोडलात, हे मला कळलं आहे. परवा संध्याकाळी त्यांनी अंकितला फोन केला. अंकितने निरोप आणला तो असा: जीजाजी म्हणाले, छतावर तार बांधला आहे, आणि शनिवारी येतो. मग फोन ठेवला. अंकित विचारत होता, तार कसला? केबलचा का? मी परसात जाऊन बसले.

तुमच्यावर एक संध्याकाळभर रागावले होते. मग वाटलं, तार बांधायला तर तुम्ही सांगितलं नसेल. नाही ना? नसेल सांगितलं तर कळवा. सांगितलं असेल तर कळवू नका.

घरात गडबड आहे. बाबा काल पोटभर जेवले. आईने एकट्या जावयासाठी दहा माणसांचं सामान आणलं आहे आणि मधूनच म्हणते, सोबत कोणी मोठं माणूस नाही, हे बरं दिसत नाही. मी सुती ब्लाउज शिवून घेतला, निळा. आज सकाळपासून गच्चीवर आहे. मी तो चार वेळा हुंगून आले. पाचव्यांदा जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

ते ओसरीत का झोपायचे, ते मला अजून ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असावं, पण तुम्ही लिहिलं नाही. ते मी त्यांच्याच तोंडून ऐकेन. खरं काहीही असलं तरी ऐकेन. भीती वाटतेच, नाही असं नाही.

दोनला सुटून बालाघाटला बस बदलली, तर इथे पाच ते सहाच्या मध्ये कधीही पोहोचतील. अंकित मोटरसायकल घेऊन स्टॉपवर जाणार होता, मी त्याला नको म्हटलं. आई म्हणाली, नवी नवरी स्वतः नवऱ्याला आणायला स्टॉपवर गेली, असं गाव म्हणेल. म्हणू दे. उद्या पावणेपाचलाच निघेन, बस लवकर आली तर ते एकटे उभे राहायला नकोत. काय बोलायचं ते ठरलेलं नाही, पण आधी मी बोलणार आहे.

इथून पुढे तुम्हाला दोघांचं मिळून एकच पत्र येत जाईल. त्यात लोभ वाटून घेऊ नका, दोघांवरही पुरता करा.

तुमची
रचना